ज्याला अडवायचं नाही तो: ट्रिपल ऑप्शनच्या कार्डांच्या नोंदी

९ जून २०२५

पोराच्या शाळेच्या ज्युनियर व्हर्सिटी (मुख्य संघाखालच्या) अमेरिकन फुटबॉल संघाच्या कोचने काम दिलं. 'तुम्ही सॉफ्टवेअरवाले ना? आमच्या लाइनच्या पोरांसाठी ब्लॉकिंगची, म्हणजे कोणी कोणाला अडवायचं त्याची, कार्डं करून द्या.' सोबत फळ्याचे चौदा फोटो आणि एक जाडजूड बाइंडर, त्यात दोन-तीन जुन्या कोचांच्या हस्ताक्षरातल्या सूचना, काही एकमेकींना छेद देणाऱ्या. पोरगा उजवा टॅकल, म्हणून मी हो म्हणालो. नाहीतर माझा जन्म सांगलीचा, खेळ कबड्डीचा. अमेरिकेतल्या जॉर्जियात येऊन बारा वर्षं झाली तरी अमेरिकन फुटबॉलमध्ये मला चेंडू कुठे आहे एवढंच कळायचं, आणि ऑप्शन खेळणाऱ्या संघाचा सामना असला की तेही नाही.

ट्रिपल ऑप्शनचा खेळ असा. पुढे पाच जणांची लाइन: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. क्वार्टरबॅक चेंडू घेतो. तो मागच्या फुलबॅकच्या पोटात ठेवायचा, स्वतः घेऊन पळायचं, की बाहेरून धावणाऱ्या स्लॉटकडे फेकायचा, हे तिन्ही निर्णय चाल सुरू झाल्यावर होतात. फुलबॅकला हे लोक बी-बॅक म्हणतात, स्लॉटला ए-बॅक.

ठरवलेलं काम: सहा चालींची कार्डं, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याआधी.

१२ जून

पहिला प्रयत्न फुकट गेला. प्रत्येक चालीसाठी बचावाच्या प्रत्येक रचनेचं वेगळं चित्र काढत बसलो. सहा चाली, पाच रचना, डावी-उजवी बाजू. साठ कार्डं. कोचने गठ्ठा हातात तोलला आणि विचारलं, 'समोरच्यांनी सहावी रचना आणली तर?'

मग त्याने मोजणी शिकवली. टॅकलच्या समोर किंवा त्याच्या बाहेर उभा असलेला पहिला लाइनवाला म्हणजे 'एक'. त्याच्या बाहेरचा पुढचा माणूस 'दोन'. मागे उभा राहून बाहेरून धावत येणारा, बहुतेक वेळा सेफ्टी, तो 'तीन'. 'एक'ला कोणी हात लावायचा नाही; तो काय करतो ते बघून क्वार्टरबॅक चेंडू द्यायचा की ठेवायचा ते ठरवतो. 'दोन'लाही कोणी हात लावायचा नाही. तो अंगावर आला की चेंडू बाहेर फेकायचा. चालीच्या बाजूचा ए-बॅक 'तीन'ला गाठतो; चेंडू जातो पलीकडून धावत येणाऱ्या ए-बॅककडे. गार्ड, सेंटर आणि टॅकल आतल्यांना आणि लाइनबॅकरांना, म्हणजे बचावाच्या लाइनमागे उभे असतात त्यांना, घेतात.

म्हणजे मला चित्रं नकोत, नियम हवेत. रचना दिली की नियमांतून चित्र आपोआप निघालं पाहिजे. हे माझ्या ओळखीचं काम.

१५ जून

रविवार. स्क्रिप्ट सुरू केली. बचावाच्या अकरा जणांच्या जागा फुटांत द्यायच्या, सेंटर शून्यावर. कोणी कोणाला घ्यायचं ते बाहेर पडतं.

एक तपासणी आधीच घालून ठेवली, कारण पोटापाण्याचा धंदा टेस्टिंगचा आहे: बचावातल्या प्रत्येक माणसाला मालक हवा. मालक म्हणजे अडवणारा, नाहीतर 'वाचणारा', म्हणजे त्याची हालचाल बघून निर्णय घेणारा क्वार्टरबॅक. ज्याला कोणीच नाही तो 'बेवारस', आणि बेवारस निघाला की लाल अक्षरात ओरडायचं. पहिल्याच फेरीत लाल. पलीकडच्या टोकाचा कॉर्नर (बाजूच्या रेषेजवळचा बचावपटू) बेवारस. मला वाटलं चूक माझी.

चूक नव्हती, हिशेबच तसा आहे. साध्या धावेच्या चालीत क्वार्टरबॅक चेंडू देऊन मोकळा होतो आणि ज्याच्याकडे चेंडू तो अडवू शकत नाही. उरले नऊ, समोर अकरा. तूट दोनची. ट्रिपल ऑप्शनमध्ये क्वार्टरबॅक, बी-बॅक आणि पिच (बाहेर फेकलेला चेंडू) घेणारा वजा केले की आठच उरतात, पण समोरचे दोघे 'वाचून' निकालात निघतात, म्हणजे आठ विरुद्ध नऊ. तूट एकची. तो एक कुठे राहू द्यायचा हे आपण ठरवायचं, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला राहू दिला तर तो पोचेपर्यंत दहा यार्ड झालेले असतात. हे कागदावर मांडेपर्यंत मला हा खेळ म्हणजे नुसती ढकलाढकली वाटत होती.

तपासणीत सूट घातली: एक बेवारस चालेल, फक्त चालीच्या उलट बाजूचा शेवटचा.

२१ जून

जेवणाच्या टेबलावर स्टीलच्या वाट्या मांडल्या. पालथ्या वाट्या आपली लाइन, उताण्या त्यांची, पेले म्हणजे लाइनबॅकर. बायको म्हणाली, 'आमटी कशात वाढू?' कढईतूनच वाढली.

पोराची अडचण आज नीट कळली. उजवीकडच्या चालीत त्याच्या बाहेरच्या खांद्याला लागून डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या लाइनचा टोकाचा माणूस) उभा असतो, हाच तो 'एक'. पोरगा गेली तीन वर्षं शिकत आलाय की समोरचा माणूस त्याचा, आणि त्याला आत येऊ दिलं तर क्वार्टरबॅकच्या बरगड्या मोडतील. आता कोच सांगतो, त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस. आतल्या पायाने छोटं तिरकं पाऊल टाक, बाहेरचा हात खालून वर झटकून त्याची पकड चुकव आणि गार्डच्या बाजूने निसटून थेट लाइनबॅकरवर जा.

'बाबा, तो माझ्या खांद्यावर आहे. मी त्याला फ्री सोडला तर सगळे मलाच बोलणार.'

'अरे, पण त्याला सोडायचं हाच तर नियम आहे.'

'नियम माहितीये. पाय ऐकत नाहीत.'

मग त्याला कबड्डी सांगितली. चढाईवाल्याला कोपरा मुद्दाम आत येऊ देतो, तो बोनससाठी पाय टाकतो, आणि साखळी मागून बंद होते. ज्याने त्याला आत येऊ दिलं त्याला कोणी बोलत नाही. पोराला कबड्डी टीव्हीवर बघूनच माहीत, पण हे पटलं. निदान मान तरी डोलावली.

आम्ही वाटीवाटीने पन्नास वेळा केलं. तो उजवी वाटी आत सरकवायचा, मी 'एक'ची वाटी कधी फुलबॅकवर, कधी क्वार्टरबॅकवर. सत्ताविसाव्या वेळी त्याने 'एक'कडे न बघता पेल्याला ठोकर दिली. पाणी होतं त्यात.

२४ जून

कोचशी तासभर गप्पा. हा माणूस जॉर्जियात वाढलेला, आणि या राज्यात ऑप्शनवर बोलायला सुरुवात केली की दोन विद्यापीठांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही: जॉर्जिया सदर्न आणि जॉर्जिया टेक. कोच पॉल जॉन्सन आधी सदर्नमध्ये, मग नेव्हीत (नौदल अकादमीच्या संघात), मग २००८ ते २०१८ टेकमध्ये. २००८ साली टेकने अथेन्समध्ये (जॉर्जियातलंच गाव) जाऊन जॉर्जिया विद्यापीठाला ४५-४२ हरवलं, धावून ४०९ यार्ड. आणि २०१३ साली सदर्नने फ्लोरिडा विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर २६-२० हरवलं, एकही पास पूर्ण न करता. तीन पास टाकले, तिन्ही वाया. धावून ४२९ यार्ड. हे सांगताना कोच हातातला सँडविच खायचा विसरला.

मूळ त्याहून जुनं. साठच्या दशकाच्या मध्यात ह्यूस्टन विद्यापीठाचे कोच बिल योमन यांनी व्हीअर उभी केली, म्हणजे लाइनवरचा एक माणूस मोकळा सोडून त्याला वाचायचं. १९६८ साली टेक्सस विद्यापीठात एमोरी बेलार्ड यांनी त्यावर विशबोन (क्वार्टरबॅकच्या मागे तीन बॅक) रचली. गंमत म्हणजे विशबोनचा पहिला सामना योमन यांच्याच ह्यूस्टनशी, २०-२० बरोबरी. पुढचा सामना टेक्सस हरले, आणि त्यानंतर सलग ३० जिंकले. १९७१ च्या ओक्लाहोमा विद्यापीठाचा आकडा मी दोनदा वाचला: सामन्यामागे सरासरी ४७२.४ यार्ड, नुसतं धावून.

यातलं कार्डावर काही जाणार नाही. पण बाइंडरमधल्या परस्परविरोधी सूचना का आहेत ते कळलं: काही विशबोनच्या काळातल्या, काही स्लॉटवाल्या फ्लेक्सबोनच्या. विशबोनच्या सूचनांवर निळी फुली मारली.

२८ जून

स्क्रिप्टमध्ये पहिली खरी चूक, आणि तिच्यामागे लाज वाटावी असं कारण.

'एक' शोधायचा नियम मी असा लिहिला होता: टॅकलची जागा किंवा तिच्या बाहेर. आमच्या लाइनमध्ये दोन खेळाडूंमध्ये तीन फुटांचं अंतर. माणूस दोन फूट रुंद धरला तर गार्ड सेंटरपासून ५ फुटांवर, टॅकल १० फुटांवर. आज तिघांच्या लाइनची रचना टाकली, जिच्यात एंड टॅकलच्या आतल्या खांद्यावर उभा राहतो. त्याला इथे 'फोर-आय' म्हणतात. तो ९ फुटांवर. १० पेक्षा कमी, म्हणून स्क्रिप्टने त्याला गार्डच्या खात्यात टाकलं आणि बाहेरच्या लाइनबॅकरला 'एक' केलं. सगळं कार्ड एका घराने सरकलं. क्वार्टरबॅक भलत्याच माणसाला वाचतोय आणि गार्ड हवेत.

लाज याची, की दोन आठवड्यांपूर्वी कोचने 'टॅकलच्या समोर' म्हटलं होतं आणि मी त्याचं 'टॅकलच्या बरोबर मध्यावर' केलं. रेषा आता गार्ड आणि टॅकल यांच्या बरोबर मधे, ७.५ फुटांवर आणली. गार्डच्या बाहेरच्या खांद्यावरचा माणूस ६ फुटांवर येतो, तो आत राहतो, गार्डचा. फोर-आय बाहेर जातो, तो 'एक'. दोन्ही रचना बरोबर निघाल्या.

पण त्यातून नवा प्रश्न. 'एक' आतल्याच खांद्यावर असेल तर टॅकल आतून निसटणार कसा? वाट त्यानेच अडवली आहे. कोचचं उत्तर एका शब्दात: 'लूप.' टॅकलने त्याच्या बाहेरून वळसा घालून लाइनबॅकरकडे जायचं. लाइनवर उभं राहिल्यावर टॅकलनेच ओरडून हे सांगायचं. कार्डावर आता दोन बाण: एक आतून, एक बाहेरून, आणि कुठला कधी ते 'एक'च्या खांद्यावरून.

३० जून

मिडलाइन चाल जोडली. इथे वाचायचा माणूस आत सरकतो: गार्डच्या बाहेरच्या खांद्यावरचा, म्हणजे बहुतेक संघांचा सगळ्यात दांडगा पोरगा. आमचे दोन गार्ड मिळून ज्याला हलवू शकणार नाहीत, त्याला या चालीत कोणी हातच लावत नाही. गार्ड त्याच्या आतून लाइनबॅकरवर, टॅकल एंडला बाहेर ढकलतो, बी-बॅक सेंटरच्या पाठीला लागून सरळ. दांडगा बी-बॅकवर गेला की क्वार्टरबॅक त्याने सोडलेल्या जागेतून. चालीचा सगळा खर्च त्यांच्या सर्वांत चांगल्या खेळाडूवर. मला ही चाल फार आवडली.

५ जुलै

बाइंडरमधून सहा पानं काढून टाकली. सगळी कमरेखालच्या ब्लॉकची.

जुन्या ऑप्शनचा हा प्राण होता: छोट्या चणीच्या स्लॉटने मोठ्या सेफ्टीच्या मांड्यांवर झोकून द्यायचं. शाळांच्या नियमात कमरेखालचा ब्लॉक एका चौकटीतच चालतो: चेंडूच्या दोन्ही बाजूंना चार-चार यार्ड, लाइनच्या पुढे-मागे तीन-तीन. त्यातही अडवणारा आणि अडवला जाणारा, दोघेही स्नॅपच्या वेळी (सेंटर चेंडू मागे देतो त्या क्षणी) लाइनवर आणि चौकटीत हवेत. स्लॉट लाइनवर नसतोच, सेफ्टी तर नाहीच. म्हणजे बाइंडरमधल्या त्या पानांवर शाळेत दंडच आहे.

सहज मोजलं: चार यार्ड म्हणजे १२ फूट. आमच्या टॅकलचा बाहेरचा खांदा ११ फुटांवर. एक फूट शिल्लक. खालचा ब्लॉक तरीही कार्डावर ठेवला नाही. चौदा-पंधरा वर्षांची पोरं आहेत, गुडघा एकदा गेला की गेला. कोचचंही हेच मत निघालं, त्याने फक्त ते शिवी घालून सांगितलं.

कॉलेजातही २०२२ पासून टॅकल बॉक्सच्या (लाइनभोवतीच्या मधल्या चौकटीच्या) बाहेर कमरेखाली ब्लॉक करता येत नाही. त्याचा सर्वांत मोठा फटका ऑप्शनवाल्या सैनिकी अकादम्यांना बसला. आर्मीने तर २०२३ मध्ये शॉटगन (क्वार्टरबॅक सेंटरपासून काही यार्ड मागे) करून पाहिली, आणि २०२४ मध्ये पुन्हा सेंटरच्या मागे हात घालून उभं राहायला लागले. त्या मोसमात १२ विजय, २ पराभव, आणि क्वार्टरबॅक ब्रायसन डेलीचे धावून ३२ टचडाउन. उभ्याने अडवूनही ही चाल चालते, एवढा धीर मला त्यातून मिळाला.

१९ जुलै

छापली. लॅमिनेट केली. घरी आणून बघतो तर डाव्या बाजूच्या सगळ्या कार्डांवर आकडे आरशातल्यासारखे उलटे. चित्र उलटवताना अक्षरंही उलटवली होती मी. लॅमिनेशनचे ३८ डॉलर गेले. नवीन छापली.

५ ऑगस्ट

पॅड घालून सराव सुरू. दुपारी साडेतीनला मैदानावरच्या उष्णतामापकाने ९२ अंश फॅरनहाइटच्या वरचा आकडा दाखवला. हे नुसतं तापमान नाही, दमटपणा आणि ऊन धरून काढलेला आकडा असतो, आणि ९२ ओलांडला की इथल्या शाळांना बाहेर सराव करताच येत नाही. पोरं जिममध्ये. तिथे फरशीवर चिकटपट्टीने लाइन आखली आणि कार्डं पहिल्यांदा वापरली.

सेंटरने कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, 'यात मी कुठाय?' खरंच, सेंटरचा ठिपका मी घातलाच नव्हता. शून्यावरचा माणूस, स्क्रिप्टला त्याची जागा माहीत, म्हणून काढायची राहिली.

१४ ऑगस्ट

शेजारच्या काउंटीच्या संघाशी सरावसामना. गोलपोस्टमागच्या उंच तिवईवरच्या कॅमेऱ्याची फीत रात्री दीड वाजेपर्यंत बघितली.

पहिल्या तीन चाली छान. चौथीला त्यांनी अदलाबदल केली. एंड स्नॅपबरोबर आत कोसळून फुलबॅकवर गेला, म्हणून आमच्या क्वार्टरबॅकने नियमाप्रमाणे चेंडू काढून घेतला. आणि ज्या जागी मोकळं रान असायला हवं होतं तिथे लाइनबॅकर एंडच्या मागून बाहेर येऊन उभा. क्वार्टरबॅकच्या छातीवर. चेंडू सुटला. अशाच तीन चाली, दोनदा चेंडू हातातून गेला.

फीत एकेक चौकट पुढे सरकवली. चौथ्या चालीत माझा पोरगा सगळं बरोबर करतो. आतलं पाऊल, हात झटकणं, 'एक'कडे ढुंकूनही न बघणं. तो लाइनबॅकर जिथे *होता* तिथे पोचतो. तिथे कोणी नाही. तो दोन पावलं हिरवळीवर तसाच उभा राहतो, हात पुढे, आणि मागे शिट्टी वाजते.

जागा देऊन कार्ड काढणारी माझी स्क्रिप्ट नेमकी इथे आंधळी. तिला स्नॅपच्या आधीचं जग दिसतं.

१६ ऑगस्ट

कोचचे उपाय दोन, दोन्ही जुने. टॅकलने निसटताना नजर लाइनबॅकरच्या कमरेवर ठेवायची, त्याच्या मूळ जागेवर नाही. तो बाहेर सरकला तर आपणही वाट बाहेर वळवायची, नाहीतर अदलाबदल करणारा संघ आहे हे माहीतच असेल तर पहिल्यापासून लूप. दुसरा उपाय ए-बॅकचा: 'तीन'कडे धावत सुटण्याआधी त्याने आत डोकवायचं. लाइनबॅकर बाहेर येताना दिसला तर तो याचा, सेफ्टी मग राहिला तर राहिला. आतला धोका आधी, कारण तो जवळ असतो.

कार्डावर हालचाल कशी दाखवायची? शेवटी लाइनबॅकरच्या ठिपक्याला तुटक रेषेची शेपूट काढली आणि टॅकलचा बाण ठिपक्याला नाही, शेपटीला जोडला. आवृत्ती ४.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. आरतीला चिरंजीव घोट्याला बर्फाची पिशवी बांधून. टाळ एका हाताने.

आज फक्त टॅकल आणि ए-बॅक, जोडीने, चाळीस वेळा. मी लाइनबॅकर झालो, कारण माणूस कमी होता. मनात येईल तसा आत-बाहेर. सोळाव्या वेळी पोराने मला असा उचलून टाकला की चष्मा मैदानाबाहेरच्या पट्टीवर. कोच माझ्याकडे न बघता म्हणाला, 'नजर बरोबर होती.'

४ सप्टेंबर

गुरुवार. ज्युनियर व्हर्सिटीचा पहिला सामना.

दुसऱ्या क्वार्टरमधली एकच चाल नोंदवतो. आमच्या ४१ यार्डवर, उजवीकडे. एंड बाहेरच्या खांद्यावर. डावीकडचा ए-बॅक स्नॅपच्या जरा आधी मागून सरकायला लागला. चेंडू निघाला, एंड आत कोसळला, लाइनबॅकर बाहेर सुटला, सरावसामन्यातलीच अदलाबदल. पोरगा आतल्या पायावर निघाला होता. दुसऱ्या पावलाला त्याची कंबर फिरली आणि बाहेर जाणाऱ्या लाइनबॅकरच्या बगलेत त्याचं डोकं. अडवला असं म्हणवत नाही, फक्त वाटेत आला. क्वार्टरबॅक त्या दोघांच्या मागून वळला, 'दोन' त्याच्यावर आला, चेंडू बाहेर. ए-बॅकने २३ यार्ड काढले आणि तिथे त्याला गाठला कोणी? पलीकडच्या टोकाच्या कॉर्नरने. बेवारस.

बायको शेजारी विचारत होती, 'आपला कुठाय?' आपला लाइनबॅकरच्या खाली होता.

सामना हरलो, २०-१४. चेंडू तीनदा सुटला, त्यातला एक मेशमध्ये: बी-बॅक आणि क्वार्टरबॅक दोघांनीही धरून ठेवला. त्याला कार्डावर उपाय नाही.

७ सप्टेंबर

पुढच्या आठवड्याच्या संघाची फीत आली. त्यांचा मधला माणूस सेंटरच्या नाकासमोर उभा राहतो आणि स्नॅपला कधी डावीकडे, कधी उजवीकडे तिरका घुसतो. म्हणजे शून्याला शेपूट हवी, दोन्ही बाजूंना. सेंटर आणि गार्डने खांद्याला खांदा लावून निघायचं आणि तो ज्याच्या अंगावर येईल त्याने घ्यायचा, दुसऱ्याने मागच्या लाइनबॅकरकडे. दोन तुटक शेपट्या एका ठिपक्याला लावल्या तर ते चित्र झुरळासारखं दिसतंय.

उद्या सरावाआधी सेंटरला दाखवायचं. यावेळी त्याचा ठिपका सगळ्यात मोठा काढलाय.